हंड्यावरचं मोठं अक्षर

परवा फोनवर धाकट्यानं मला इंग्रजीचा एक नियम सांगितला. ‘माझी ग्रँडमा’ असं लिहायचं असेल तर ग्रँडमाचा जी लहान. पण ‘ग्रँडमा, इकडे ये’ अशी हाक लिहायची असेल तर जी मोठा, कारण तेव्हा ग्रँडमा हेच त्या माणसाचं नाव होतं. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “आजी, तुला माहीत होतं?”

मला माहीत होतं. जळगावच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. हा नियम मी दरवर्षी धड्याच्या अगदी शेवटी, घंटा व्हायच्या बेतात असताना सांगून टाकत असे, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. फोन ठेवल्यावर मला तुमची मोठी आजी आठवली. तुमच्या जन्माआधीच ती गेली, म्हणून तिच्याबद्दल क्रमानं लिहून ठेवते.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. मी त्यांना वहिनी म्हणत असे. ही ऐंशी सालानंतरची वर्षं. तुमचे बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते. जळगावात आम्ही सगळे एकाच घरात राहत होतो. दिरांचं शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं, तुमचे आजोबा सरकारी कचेरीत. आमचं मूळ घर धुळ्याकडचं, त्यामुळे जळगावात राहूनही सासूबाई अहिराणीच बोलत. सासूबाईंना घरातले, गल्लीतले, दूधवालासुद्धा माय म्हणे. वहिनींचं माहेर दोंडाईचा, म्हणून सासरच्या माणसांत त्या दोंडाईचावाली. मुलांच्या तोंडी त्या मामी, काकी, मोठी आई, ज्याचं जे नातं असेल ते. वहिनींना मूलबाळ नव्हतं. पण धुळ्याला दिलेल्या आमच्या नणंदेची मुलगी शिकायला म्हणून आमच्याकडे ठेवली होती, आणि तिला वहिनींनीच वाढवलं. तिची वेणी, तिचा डबा, तिचं दुखणंखुपणं सगळं वहिनींकडे. भाची रात्री त्यांच्याच कुशीत झोपायची.

सकाळी शाळेआधी मी ओट्यावर दहावीच्या मुलींची शिकवणी घेत असे. भाची त्या वर्षी दहावीला होती, तीही बसायची. वहिनी दाराच्या उंबऱ्यात गहू निवडत असायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कान माझ्याकडे. कधी कधी मुलींच्या आधी त्यांच्या मानेची हालचाल व्हायची आणि मला कळायचं, की मुद्दा पोचला.

त्या दिवशी कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन शिकवत होते. नदी म्हणजे कॉमन, तापी म्हणजे प्रॉपर. शहर कॉमन, धुळे प्रॉपर. कॉमन नाउन सगळ्या जातीला लागू, प्रॉपर नाउन एकाच वस्तूचं किंवा एकाच माणसाचं. त्याचं पहिलं अक्षर नेहमी मोठं. आणि नद्यांसारखे अपवाद सोडले, तर त्याच्या आधी ए, ॲन, द लागत नाही. मुलींच्या लक्षात राहावं म्हणून मी म्हणाले, “प्रॉपर नाउनला टेकू लागत नाही. ते आपलं आपण उभं राहतं.”

भाची खोडकर. ती उंबऱ्याकडे वळून म्हणाली, “मामी, तुम्ही कोणतं नाउन?”

वहिनी सुपावरून मान वर न करता म्हणाल्या, “मी दोंडाईचावाली.”

“मग प्रॉपर! दोंडाईचाचा डी मोठा.”

दुसरी मुलगी म्हणाली, “काही नाही, ‘वाली’ लागलं की कॉमन. दोंडाईचाहून किती जणी आल्यात जळगावात. आमची काकूपण दोंडाईचावाली.”

“म्हणजे गाव मोठ्या अक्षरात अन् बाई बारीक अक्षरात,” भाची म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. वहिनीही हसल्या. मी मुलींना दटावलं आणि पुढची उदाहरणं घ्यायला लावली.

मुली गेल्यावर वहिनी सूप घेऊन माझ्याजवळ आल्या. “काय गं मास्तरीणबाई, मराठीत मोठं अक्षर कुठं असतं?”

“मराठीत नसतं, वहिनी. आपली सगळी अक्षरं सारखीच.”

“तरीच,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलं. लग्न होऊन मला त्या घरात बरीच वर्षं झाली होती आणि ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हणजे नाव ऐकलेलं होतं, पण ते मायचं म्हणून. वहिनींचं आणि सासूबाईंचं नाव एकच होतं. सुनेला हाक मारायची तर सासूचं नाव तोंडी येणार, सुनेला रागवायचं तर सासूलाच रागावल्यासारखं होणार. म्हणून लग्नाच्याच दिवशी, ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहून वहिनींचं नाव बदललं गेलं. तसा रिवाजच होता, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. ते नवं नाव रेशनकार्डावर चढलं आणि तिथंच राहिलं. हाक मारायला कोणी ते वापरलं नाही, कारण दोंडाईचावाली जास्त सोयीचं होतं.

“अन् मायला तरी त्या नावानं कोण हाक मारतं?” वहिनी म्हणाल्या. “सासरे गेले. त्यांनी तरी कुठं मारली? ‘ऐकस का वं’ म्हणायचे. माझं नाव काढून घेऊन ठेवलं कोणासाठी, तर देवाला ठाऊक.”

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. सुपातला खडा बाजूला काढावा तसं सांगितलं आणि उठून गेल्या. माझं नाव लग्नात कोणी बदललं नव्हतं. मी बी.ए. होते, शाळेत नाव लागलेलं होतं. तेव्हा ते मला फार स्वाभाविक वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

पुढं काही वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं, धुळ्यालाच. मामाकडचा आहेर म्हणून दिरांनी कपाट घेतलं, त्यावर त्यांचं नाव रंगवून घेतलं. वहिनी उन्हाळ्यात बिबडे करून विकत. ज्वारीचे ते पापड गच्चीवर वाळत घातलेले असायचे आणि मुलं ते ओलेच पळवायची. त्या कमाईतून त्यांनी स्वतःचा वेगळा आहेर द्यायचं ठरवलं: तांब्याचा हंडा. मला म्हणाल्या, “तू चल बरोबर. मला एक काम आहे तिथं.”

काम होतं नाव घालण्याचं. आता तुमच्याकडे ही पद्धत नसेल. लग्नात द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घेत. घरोघरी भांडी सारखीच, पंगतीत एकमेकांत मिसळायची, तेव्हा नावावरून आपलं ओळखायचं. आणि मुलगी सासरी पाणी भरताना रोज ते नाव तिच्या डोळ्यांसमोर राहायचं.

दुकानदार मारवाडी शेठजी, दिरांच्या ओळखीचे. हंडा पसंत झाल्यावर त्यांनीच विचारलं, “भाऊंचंच नाव घालू ना? मला माहितीये, सांगायची गरज नाही.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “माझं घाला.”

“तेच ते. सौ. लावतो, तुमचं नाव, मग भाऊंचं, मग आडनाव.”

“नुसतं माझं.” आणि त्यांनी नाव सांगितलं.

शेठजी हसले. “वहिनी, नुसत्या नावाचं भांडं हरवलं तर कोणाच्या घरी शोधायचं?”

“शोधायला मी येते का तुमच्याकडे? घाला तुम्ही.”

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, “वहिनी, पुढं भाऊंचं नाव असू द्या. नाहीतर लोकांना मायचा वाटेल.”

“मायचं नाव कोणाला माहीत आहे?” त्या म्हणाल्या. “तिला सगळा खानदेश माय म्हणतो. आणि तूच शिकवलंस ना, नावाला टेकू लागत नाही? मग मला कशाला टेकू देतेस?”

मला हसू आलं. त्यांचं म्हणणं पटलंही. नाव ज्याचं त्याचंच असतं, असं मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

दुकानाच्या पायरीवर बसून एक म्हातारा कारागीर छिन्नीनं नावं घालत असे. बारीक हातोडी, टिकटिक आवाज, ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटायचं. वहिनी त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. “पहिलं अक्षर मोठं काढा.”

“मोठं म्हणजे?”

“बाकीच्यांपेक्षा मोठं. दुप्पट.”

“मराठीत तसं नसतं, बाई. विचित्र दिसेल. लोक म्हणतील कारागिराला अंदाज नाही.”

“म्हणू द्या. माझं सांगा त्यांना.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली दिसत होते, मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, “काढा, त्या सांगतात तसं.”

अक्षर उमटलं तेव्हा वहिनींनी त्यावरून अंगठा फिरवला. घरी येईपर्यंत रिक्षात हंडा मांडीवर धरून बसल्या आणि तेवढी बाजू पदरानं झाकून ठेवली. भाचीला आधी दाखवायचा नाही, मांडवातच कळू द्यायचं, असं त्यांनी मला बजावलं. आहेर देताना ध्वनिक्षेपकावर देणाऱ्याचं नाव पुकारत असत. त्यांचं नाव चारचौघांत एकदा मोठ्यानं घेतलं जाणार होतं, आणि ते ऐकून पोरगी विचारणार होती की ही कोण. मग त्या सांगणार होत्या की मी. इतकंच त्यांना हवं होतं. त्यांनी ते मला मुद्दाम सांगितलं, म्हणून आज लिहिता येतं आहे.

लग्न भर उन्हाळ्यातलं. धुळ्याला नणंदेच्या घरासमोर मांडव, बाजूला वरण-बट्टीचा स्वयंपाक, बट्ट्या भाजायच्या गोवऱ्यांचा धूर. आहेर पुकारायला जे बसले होते ते मायच्या माहेरचे, तिचे भाचे. आवाज खणखणीत, सगळ्या पाहुण्यांना ओळखणारे, म्हणून ते काम नेहमी त्यांच्याकडे. ही एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. साऱ्या खानदेशात मायचं नाव ठाऊक असलेली जी थोडी माणसं उरली होती, त्यांतलं एक नेमकं माईकपुढे बसलं होतं.

कपाट पुकारून झालं. साड्या झाल्या, पातेल्यांचा संच झाला. मग त्यांनी हंडा उचलला, फिरवून नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते नाव घेतलं. स्पष्ट, लांबवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि लगेच पुढं म्हणाले, “म्हणजे आमच्या आत्याबाई! नवरीच्या आजी! नातीला तांब्याचा हंडा! टाळ्या वाजवा मंडळी, आमच्या आत्यानं या वयात आपल्या नावानं आहेर केलाय!”

टाळ्या वाजल्या. मी वहिनींकडे पाहिलं. त्या मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मी उठले, माईकपाशी जाऊन दुरुस्ती करायची म्हणून. त्यांनी माझा पदर धरला.

“बस खाली.”

“अहो वहिनी, पण—”

“बस म्हणते ना. तिचं तोंड बघ.”

माय पुढच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. नाव ऐकल्यावर आधी तिनं मागं वळून पाहिलं, या नावाची कोण बाई आली आहे ते बघायला. मग लोक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत हे तिच्या लक्षात आलं. तिनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी नीट केला आणि एकदम ताठ बसली. शेजारच्या बाईला म्हणाली, “मन्हं नाव लिधं वं त्यासनी. बठ्ठासनी ऐकं.” माझं नाव घेतलं गं त्यांनी, सगळ्यांनी ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

भाची हंडा घेऊन आजीच्या पाया पडली. मग रांगेनं बाकीच्यांच्या पाया पडत आमच्यापर्यंत आली. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, “हंडा जप. चिंचेनं घासत जा, राखेनं नको.”

“हो मामी,” ती म्हणाली आणि पुढं गेली.

परतीच्या एसटीत मायला खिडकीची जागा दिली होती. शेजारी वहिनी, त्यांच्या मागच्या बाकावर मी. पारोळा गेल्यावर माय म्हणाली, “हंडावर पहिलं अक्षर एवढं मोठं का शे वं?” तिला वाचता येत नव्हतं. हंडा हातात घेऊन तिनं बोटांनी चाचपून पाहिला असणार.

वहिनी म्हणाल्या, “कारागीरना हात घसरना व्हई, माय.”

“घसरू दे,” माय म्हणाली. “चांगलं दिखस.”

आपण तो हंडा घेतलेला नाही, हे मायला माहीत असणारच. मग कोणी घेतला, कोणाचं ते नाव, असं तिनं विचारलं नाही. तिला खरं काय ते उमगलं होतं, का मुलानं आपल्या नावानं परस्पर दिला असं तिनं धरून घेतलं, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर माय जगली तोवर येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट सांगायची, माझं नाव माईकवर घेतलं, आणि वहिनी आतून चहा आणून ठेवायच्या.

नव्वदीच्या दशकात माय गेली. दिवस झाल्यावर मी वहिनींना म्हटलं, “आता मी भाचीला सांगते. आता कोणाचं मन दुखायचं राहिलेलं नाही.”

त्या बिबडे लाटत होत्या. “काय सांगशील? ती तो हंडा आजीची आठवण म्हणून देवघरापाशी ठेवते. मामीचा आहे म्हटलं तर उद्या मोरीत जाईल.”

“असं काही होणार नाही.”

“अन् मला तरी आता त्या नावाचं काय करायचंय?” त्या म्हणाल्या. “तेव्हा हवं होतं गं. तेव्हा पोरगी समोर होती.”

मी पुन्हा विषय काढला नाही. माझा बेत होता, की भाची दिवाळीला येईल तेव्हा दोघींना समोरासमोर बसवून सांगायचं. पुढच्या दिवाळीला ती आली, पण त्याआधीच वहिनी गेल्या होत्या. त्यांच्या तेराव्याची कार्डं छापली त्यावर रेशनकार्डावरचं नाव होतं. माझ्या शिकवणीतल्या एका जुन्या मुलीला कार्ड मिळालं. तिनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बाई, तुमच्या घरी या कोण होत्या?” मी म्हटलं, दोंडाईचावाली. ती लगेच म्हणाली, “अरेरे, त्या! गहू निवडत बसायच्या त्या!”

शाळेत मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं तो धडा शिकवला. उदाहरणं तीच ठेवली, नदी आणि तापी, शहर आणि धुळे. टेकूचं वाक्य मात्र सोडून दिलं. मुलींना काही फरक पडला नाही.

मी या लिखाणात कोणाचंच नाव घातलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वहिनींचं नाव मी इथं लिहिलं, तर तुमच्या डोळ्यांपुढं दिवाणखान्यातला मायचा फोटो येईल, कारण त्या फोटोखाली तेच नाव आहे. म्हणजे मांडवात झालं तेच पुन्हा होईल. त्यापेक्षा पुढच्या सुट्टीत इकडे आलात की धुळ्याच्या आत्याकडे, म्हणजे या भाचीकडेच, जा. देवघराशेजारी तो हंडा आहे, त्यात आता पाणी भरत नाहीत. आत्या सांगेल, हा माझ्या आजीचा. तिला तसं म्हणू द्या. ती पाणी आणायला आत गेली, की खाली बसा आणि नावाच्या पहिल्या अक्षरावर अंगठा ठेवून बघा. ते बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट आहे.